दिबा आणि साडेबारा टक्के

शंकेखोर : काका, १० जून २०२१ च्या मानवी साखळीत मीही उभी होते. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचंच नाव पाहिजे म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले. दोन आठवड्यांनी त्यांच्या स्मृतिदिनी माणसं बेलापूरला सिडको भवनावर गेली, तेव्हाही होते. पुढच्या वर्षी विधिमंडळात ठराव झाला, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडायला लागली. आणि आता घोषणा थांबल्यावर मला साधा प्रश्न पडलाय. आपण हे नाव त्यांना नेमकं कशाबद्दल देतोय? जमीन वाचवली म्हणून? जमीन तर गेली. ९५ गावांची गेली. उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली, दहा गावं उठली. ज्या भूसंपादनाशी दिनकर बाळू पाटील नावाचा माणूस जन्मभर भांडला, त्याच भूसंपादनाच्या शेवटच्या आणि सगळ्यात मोठ्या तुकड्यावर त्यांचं नाव. याला मान म्हणायचं की सोयीस्कर समेट?

अभिमानी : तू शेवटापासून सुरुवात करतेस, म्हणून तुला ते विसंगत वाटतं. सुरुवातीपासून बघ. दिबा जासईचे, शेतकऱ्याच्या घरातले, १९२६ चा जन्म. वकील झाले आणि शेतकरी कामगार पक्षातर्फे पनवेलमधून पहिल्यांदा आमदार झाले १९५७ ला. त्याच वर्षी १ एप्रिलला कूळकायद्याचा कृषक दिन होता, कसणारा कूळ त्या दिवशी कायद्यानं मालक झाला. आपल्या कुलाबा जिल्ह्यात ही गोष्ट काय होती, तुला पुस्तकातून कळणार नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं जमीन पडीक ठेवली, पण खोताला नमले नाहीत. नारायण नागू पाटलांनी तो संप चालवला. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती मोडायचं विधेयक मांडलं ते याच असंतोषातून. त्यानंतर कुठे सातबाऱ्यावर आपली नावं लागली. आणि तेरा वर्षांत, १९७० मध्ये, नवी मुंबई वसवायला सिडको आली. तेरा वर्षांची मालकी, पोरी! भाताची तेरा पिकं.

आता हे ध्यानात घे की १८९४ चा भूसंपादन कायदा शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोयच ठेवत नव्हता. सार्वजनिक प्रयोजन जाहीर झालं की तुझ्या हातात फक्त भावाची तक्रार उरते. शिवाय या शहराचा हिशेबच त्यावर उभा होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या ‘मार्ग’च्या अंकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. कल्पना देखणी होती, मी नाकारत नाही. पण तिचं अर्थकारण काय? जमीन शेतीच्या भावानं घ्यायची, रस्ते-गटारं करून शहराच्या भावानं विकायची आणि त्या फरकातून शहर बांधायचं. सरकारी तिजोरीवर भार नाही. मग भार कोणावर? दिबांनी बोट ठेवलं ते याच जागी. जमिनीची किंमत वाढते ती काय मंत्रालयातल्या फायलीमुळे? तिच्यावर शहर येतं म्हणून. मग त्या वाढीत ज्याची जमीन त्याचा वाटा का नाही? हा प्रश्न देशात फार थोड्यांनी इतक्या आधी, इतका नेमका विचारला होता.

शंकेखोर : प्रश्न नेमका होता हे मान्य. पण उत्तर किती उशिरा आलं ते बघा. भूसंपादनाची अधिसूचना १९७० ची. आंदोलकांवरचा गोळीबार १९८४ चा. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण कागदावर आलं १९९० ला, आणि राबवायची चौकट पक्की झाली १९९४ ला. चोवीस वर्षं. ज्या माणसानं नांगर खाली ठेवला तो तोवर म्हातारा झाला किंवा गेला. आणि साडेबारा हे तरी खरे साडेबारा आहेत का? सामाजिक सुविधांसाठी त्यातले पावणेचार कापले जातात. हातात पडतात पावणेनऊ. मी हिशेब करून बघितलाय. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के सुमारे ५०६. कपात होऊन ३५४. चार भावंडं असली तर प्रत्येकाला अठ्ठ्याऐंशी चौरस मीटर, म्हणजे आपल्या जुन्या घराच्या पडवीसकट अंगणाएवढी जागा. तीही कुठल्या सेक्टरमध्ये, कधी, हे सोडतीच्या हातात. म्हणून माणसांनी भूखंड मिळण्याआधी फाइल विकली. इरादापत्र आलं की दलाल दारात. विकणारा शेतकरी, बांधणारा बिल्डर, राहायला येणारा तिसराच. दिबांनी शेतकऱ्याला वाटेकरी करायचं ठरवलं आणि प्रत्यक्षात आपण घाऊक भूखंड-विक्रेते झालो.

(पनवेल-उरणच्या बाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं की तिथे ‘साडेबारा’ म्हटलं की कोणी घड्याळाकडे बघत नाही. ‘त्याचा साडेबारा उलव्यात निघाला’ हे सरळ, पुरं वाक्य आहे. एका राजकीय मागणीचं नाम होणं ही कुठल्याही नेत्याला मिळणारी मोठी दाद असते. ती दाद नेत्याच्या मनाजोगती असते का, हा वेगळा मामला.)

अभिमानी : विकणाऱ्यानं विकलं याला दिबा काय करणार? त्यांनी हातात दागिना दिला. कोणी घडवला, कोणी गहाण टाकला. पण हातात दागिना होता तरी! कोयनेच्या धरणग्रस्तांना विचार. धरण झालं, वीज आली, राज्य उजळलं, आणि तिसरी पिढी अजून पुनर्वसनासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसते. त्यांना कोणी टक्केवारी दिली नाही, कारण त्यांच्या जमिनीवर पाणी आलं, शहर आलं नाही. आपल्याकडे शहर आलं, आणि शहरात शेतकऱ्याला वाटा मागता येतो हे शिकवणारा माणूस होता.

आणि तो माणूस कागदावर लढून थांबला नाही. जानेवारी १९८४. १६ तारखेला जासईच्या दास्तान फाट्यावर गोळ्या झाडल्या, १७ ला पुन्हा. चिर्ले, धुतुम आणि पागोटे या गावांची पाच माणसं गेली. वसंतदादांचं सरकार होतं. हजारो माणसं रस्त्यावर होती, बाया पुढे होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीला लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची लाट, महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसनं नेल्या. त्या लाटेत आपल्या मतदारसंघानं शेकापच्या दिबांना दिल्लीला पाठवलं. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, १९७२ च्या विधानसभेत विरोधी पक्षनेता. असला माणूस मंत्री व्हायचं ठरवता तर झाला असता. कधीच सत्तेच्या खुर्चीत बसला नाही आणि तरी सरकारचं धोरण बदलायला लावलं. मला सांग, मंत्री झालेल्या किती जणांच्या नावावर असं एक धोरण आहे?

शंकेखोर : आयुष्याच्या उत्तरार्धात पक्ष मात्र बदलला. शेकाप सोडून शिवसेनेत गेले.

अभिमानी : गेले. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लाल बावट्याखाली वाढलेला माणूस. आणि गंमत बघ, २०२१ मध्ये शिवसेनेचाच मुख्यमंत्री असताना विमानतळाला दुसरं नाव द्यायचं चाललं होतं, त्याविरुद्ध आपण साखळी धरली. राजकारणाचं असं असतं. त्यावर मी एवढंच म्हणेन की पक्ष बदलल्यानं गावातली माणसं त्यांच्यापासून तुटली नाहीत. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

शंकेखोर : बरं, मग माझा खरा आक्षेप ऐका. तुम्ही चरीपासून सुरुवात केलीत ना? खोत आणि कूळ. खोत मालक, कूळ कसणारा, आणि साठ-सत्तर वर्षांच्या भांडणातून कूळ मालक झाला. आता साडेबाराचा कागद काढा. मालकी हक्काची जमीन आपण दिली आणि परत काय घेतलं? साठ वर्षांचा भाडेपट्टा. मालक सिडको. विकायचं तर हस्तांतरण शुल्क भरा, बांधायचं तर परवानगी घ्या, वापर बदलायचा तर पुन्हा त्यांच्या दारात जा. ज्या पक्षानं खोतीविरुद्धच्या लढ्याचा वारसा सांगितला त्याच पक्षाच्या सगळ्यात मोठ्या नेत्याच्या सगळ्यात मोठ्या विजयानंतर आपण पुन्हा कूळ झालो. फक्त खोताचं कार्यालय वातानुकूलित आहे.

अभिमानी : हे बोलणं लागलं. थांब, मला नीट विचार करू दे.

खोत पिकातला हिस्सा घ्यायचा, वर वेठ घ्यायचा, बायकांना घरकामाला बोलवायचा. सिडकोला कोणी वेठ देत नाही, एवढा तरी फरक कर. पट्टा हस्तांतरित करता येतो, त्यावर कर्ज मिळतं, इमारत उभी राहते, मुलं त्या भाड्यावर शिकतात. खोताच्या कुळाला यातलं काय होतं? पण... हो. भाडेपट्टा ही गोष्ट आमच्या पिढीला नीट कळली नाही. आम्हाला ‘भूखंड’ एवढंच ऐकू आलं. ‘मालकी’ हा शब्द त्या कागदावर कुठे आहे, हे आम्ही बघितलं नाही. मी म्हणेन, लढाई चालू असताना बघायला वेळही नव्हता. पाच प्रेतं समोर असताना भाडेपट्ट्याची मुदत साठ की नव्याण्णव, यावर सभा घेता येत नाही.

शंकेखोर : सभा तेव्हा घेता येत नाही, मग केव्हा घेता येते? पुण्यात मगरपट्ट्यात बघा. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेच्या वर एकर एकत्र केले, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले आणि स्वतः शहर बांधलं. सातबारा दुसऱ्याच्या हवाली केला नाही. वाढीव किमतीतला वाटा त्यांनी कोणाकडे मागितला नाही, तो त्यांच्याकडेच राहिला. म्हणजे मागणीचं दुसरं रूप शक्य होतं. ‘इतके टक्के जमीन परत द्या’ ऐवजी ‘शहर बांधणाऱ्या संस्थेत आम्हाला भागीदार करा, निर्णयाच्या टेबलावर बसवा’.

अभिमानी : मगरपट्टा मला माहीत आहे, आणि मला तो आवडतोही. पण तुलना सरळ नाही. तिथली बरीच जमीन एका आडनावाच्या भावकीची, शहराच्या कुशीत आलेली, आणि काळ दोन हजार सालचा. १९७० ला आपल्याकडे काय होतं? ९५ गावं. भातखाचरं, खाजण, खारबंदिस्ती, मिठागरं. निम्म्या शेतांवर कुळांचे दावे. बँक आपल्याला उभी करत नव्हती. कंपनी काढायला आधी सनदी लेखापाल लागतो. आपल्या पंचक्रोशीत तो होता? आणि मुख्य गोष्ट, मगरपट्ट्याच्या समोर जबरदस्तीचं संपादन उभं नव्हतं, आपल्या छातीवर होतं. वाघ समोर असताना कुंपण कुठल्या लाकडाचं बांधावं यावर चर्चा होत नाही.

आणि साडेबारा टक्के वाया गेले म्हणतेस, तर पुढे काय झालं ते बघ. विमानतळाच्या गावांना साडेबावीस टक्के मिळाले. २०१३ मध्ये देशाचा नवा भूसंपादन कायदा आला, दिबा गेल्यानंतर तीनच महिन्यांनी. शहरीकरणासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीतला वीस टक्के हिस्सा जमीनमालकांसाठी राखावा असं त्यात आलं. तो फुकट नाही, खर्चाच्या दरानं आहे, मला माहीत आहे. पण वाढीत वाटा ही कल्पना जासईच्या रस्त्यावरून देशाच्या कायद्यात पोचली. एका आयुष्यात एवढं पुरे नाही का?

शंकेखोर : कोणाला पुरे, ते विचारते. वाटा जमीनमालकाला. मग ज्याची जमीनच नव्हती त्याला? दिवाळे, बेलापूर, उरणचे कोळी. त्यांचं शेत पाण्यात होतं. खाडी बुजवली, जेट्टी आली, बंदर आलं, १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं. खाडीचा सातबारा नसतो, काका. त्यामुळे खाडी गेली तेव्हा काही गेलं असं कागदावर दिसलंच नाही. कातकऱ्यांचं तर नाव घ्यायलाही कोणी नव्हतं.

अभिमानी : भूमिहीन, बलुतेदार, मिठागर कामगार यांचा विचार धोरणात नंतर आला. लहान भूखंड का होईना.

शंकेखोर : नंतर, आणि लहान. आणि ज्यांच्या घरात जमीन होती त्या घरातल्या सगळ्यांना तरी वाटा मिळाला का? १९९४ हे वर्ष तुम्हाला साडेबाराचं म्हणून लक्षात आहे. मला दुसऱ्या कारणानं लक्षात आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रानं कायदा केला की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा. ज्यांची लग्नं आधी झाली त्या मात्र वगळल्या. बघा योग. एका हातानं जमिनीच्या बदल्यात भूखंड, दुसऱ्या हातानं मुलीला वाटा, आणि दोन्ही हात एकमेकांना भेटू नयेत म्हणून पनवेलच्या निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रांच्या रांगा. आपल्या तिन्ही आत्यांनी सह्या केल्या. त्या दिवशी त्यांना साड्या घेतल्या, हॉटेलात जेवायला नेलं. मी लहान होते, मला आइस्क्रीम मिळालं म्हणून आठवतं.

अभिमानी : त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

शंकेखोर : माहीत आहे.

अभिमानी : तेव्हा तसंच चालायचं. बहिणी स्वखुशीनं आल्या होत्या... तू हसू नकोस. बरं, स्वखुशीनं म्हणजे काय, ते मी आज सांगू शकत नाही. पण याचा दोष दिबांवर कसा येतो? त्यांनी बायांना मोर्चात पुढे आणलं. १९८४ ला लाठ्या खाणाऱ्यांत बाया होत्या.

शंकेखोर : दोष म्हणत नाही मी. मी म्हणते की लाठी खाताना त्या ‘शेतकरी’ होत्या आणि भूखंड वाटताना ‘बहिणी’ झाल्या. चळवळीनं सरकारला विचारलं, वाढीत आमचा वाटा किती? ‘आमचा’ म्हणजे कोणाचा, हे आतल्या आत कोणी विचारलं नाही. टक्केवारीची मागणी ज्याच्या नावावर उतारा आहे त्याच्याच दारात जाऊन थांबते. तिच्यात एकी फार पटकन होते, कारण ती प्रत्येक उताऱ्याला स्वतंत्र काही तरी देते. आणि म्हणूनच ती मिळाल्यावर एकी मोडते. गावठाणातली घरं बघा. पोरं वाढली, घराला घर जोडलं, मजले चढले, सरकार त्यांना अनधिकृत म्हणतं आणि आपण ‘गरजेपोटी बांधलेली’ म्हणतो. त्यासाठी मोर्चे निघतात, पण १९८४ सारखी ताकद दिसते का? प्रत्येकाचा साडेबारा वेगळ्या सेक्टरमध्ये, वेगळ्या बिल्डरकडे.

अभिमानी : यात तथ्य आहे, आणि मला ते कबूल करायला जड जातंय. पण तू एक गोष्ट सोडून देतेस. नेत्याला अशी मागणी लागते जी लाखभर माणसांना एका वाक्यात कळेल आणि मंत्र्याला एका ओळीत लिहून देता येईल. ‘निर्णयात भागीदारी’ ही ओळ मंत्री हसत हसत मान्य करतो आणि दुसऱ्या दिवशी समिती नेमतो. टक्का चुकवता येत नाही. पावणेचार कापले तर लगेच दिसतं, म्हणून तर तू तो हिशेब करू शकलीस. दिबा वकील होते. मोजता येत नाही असं आश्वासन त्यांनी सरकारकडून घेतलं नाही, कारण मोजता न येणारी आश्वासनं कुठे जातात हे त्यांनी विधानसभेत बसून बघितलं होतं.

शंकेखोर : हे पटतं. अगदी पटतं. आणि तरी आता नैनामध्ये काय चाललंय बघा. विमानतळाच्या भोवतीचा पट्टा, पुन्हा सिडको, या वेळी नगररचना योजना. संपादन नाही म्हणतात. जमीन एकत्र करायची, साठ टक्के रस्ते-बागा-सुविधांना, चाळीस टक्के अंतिम भूखंड म्हणून मालकाला परत. साडेबारा, साडेबावीस, चाळीस! दिबांच्या हिशेबानं हा तिपटीहून मोठा विजय. मग गावोगावी विरोध का? माणसं लोभी झाली म्हणून? मला वाटतं, आकडा वाढत गेला तसं लोकांना कळत गेलं की आकडा त्यांचा नव्हताच. तो ठरवणारा दरवेळी पलीकडे बसलेला होता.

अभिमानी : किंवा असंही असेल की ज्यांना दिबांनी मागायला शिकवलं, ते आता चाळिसालाही नाही म्हणू शकतात. १९७० ला आमचे वडील तलाठ्यासमोर उभे राहिले ते हात जोडून. तू नकाशा पसरून बसतेस. हे कुठून आलं?

शंकेखोर : तिथूनच आलं. म्हणून तर नावासाठी ओरडले. पण त्यांच्या नावाखाली मला त्यांचा आकडा पुढे न्यायचा नाहीये, त्यांचा प्रश्न न्यायचा आहे. आणि दोन्ही एकत्र नेता येतात की नाही, हे मला खरंच कळत नाही.

अभिमानी : नकाशा पसरलाच आहेस तर सांग, आपल्या सर्व्हे नंबरवरून रस्ता जातोय ना? हरकत द्यायची मुदत महिनाअखेरीला संपते. मी पन्नास टक्के मागा म्हणतो. एक ओळ. सगळं गाव सही करेल.

शंकेखोर : आणि आत्या?

अभिमानी : त्यांचं नाव उताऱ्यावर नाही. हरकत ग्राह्य धरणार नाहीत.

शंकेखोर : म्हणजे पन्नास टक्के कोणाचे, ते आजही लिहायचं नाही.

अभिमानी : आधी ते लिहायला बसलो तर महिनाअखेर निघून जाईल. घराघरात भांडण लागेल, सही एकही होणार नाही आणि रस्ता मात्र होईल. सांग ना, दुसरं काय करू?

शंकेखोर : सह्या घ्या तुम्ही. मी धाकट्या आत्याला फोन लावते. ती काय म्हणते ते ऐकू, मग कागद टाइप करायला देऊ.